पॅकेट कोठे अडते? रेडिओ ट्रान्सीव्हर किटवरील ग्रहणदोषांचा शोध

मालगुजारी तलावांची पातळी, धानाच्या बांधीतील पाण्याची उंची किंवा वैनगंगेचा चढता प्रवाह यांची नोंद दूर बसून घेता यावी, या हेतूने भंडारा जिल्ह्यात बिनतारी संवेदक उभारण्याचा विचार जो कोणी करतो, मग तो तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी असो किंवा पाणीवाटप संस्थेचा तंत्रज्ञ, त्याची सुरुवात बहुधा एखाद्या रेडिओ ट्रान्सीव्हर इव्हॅल्युएशन किटपासून होते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने जिल्ह्याला जो तडाखा दिला, त्यानंतर अशा नोंदींचे मोल वेगळे पटवून देण्याची गरज उरलेली नाही. ट्रान्सीव्हर म्हणजे प्रक्षेपण आणि ग्रहण ही दोन्ही कामे करणारी चिप, आणि इव्हॅल्युएशन किट म्हणजे ती चिप, तिला लागणारा स्फटिक, अँटेनाची जोडणी आणि संगणकाशी बोलणारा मायक्रोकंट्रोलर असलेले, परीक्षणासाठी तयार केलेले दोन बोर्ड. या किटवर सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण एकच असते: प्रक्षेपक बोर्डावरील दिवा नियमित लुकलुकतो, पण ग्राहक बोर्डावर एकही पॅकेट उतरत नाही, किंवा उतरते ते अर्धवट आणि अनियमित.

पॅकेट म्हणजे ठरावीक रचनेत बांधलेला माहितीचा गठ्ठा होय. त्याच्या आरंभी एक आणि शून्य आलटून पालटून येणारा प्रीॲम्बल असतो, ज्यावरून ग्राहक आपली संवेदनक्षमता आणि कालगणना जुळवून घेतो. त्यानंतर सिंक वर्ड, म्हणजे पॅकेट येथून सुरू होते हे सांगणारी ठरलेली खूण, येते. मग लांबी, मग प्रत्यक्ष माहिती आणि शेवटी सीआरसी, म्हणजे माहिती वाटेत बिघडली का हे तपासणारी बेरीजवजा संख्या. बांधी कोरडी राहिली तर जाणता शेतकरी तलावाचे तुडूम उघडले का, पाटाला पाणी आले का, पाट मध्ये कोठे फुटला का हे क्रमाने पाहतो. ग्राहकाचीही तपासणी तशीच व्हावी लागते, कारण लहरीची ऊर्जा, प्रीॲम्बल, सिंक वर्ड, लांबी, सीआरसी आणि शेवटी प्रोग्रॅमने केलेले वाचन हे एकामागून एक येणारे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा ओलांडल्याचा पुरावा चिपमध्ये कोठे ना कोठे नोंदलेला असतो. तो पुरावा न पाहता एकाच वेळी चार रजिस्टरांच्या किमती बदलणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग सवय आहे, कारण त्यातून दोष नाहीसा झाला तरी तो कोणता होता हे कळत नाही आणि शेतात गेल्यावर तोच दोष पुन्हा उभा राहतो.

येथे उदाहरणादाखल टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची सीसी११०१ ही चिप घेतली आहे, कारण ती स्वस्त, सर्वत्र मिळणारी आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत रुळलेली आहे. इतर चिपांची रजिस्टरे वेगळी असली तरी टप्पे तेच असतात. पहिली तपासणी रेडिओची नव्हे, तर तारांची असावी. मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांच्यातील एसपीआय हा चार तारांचा संवाद चालतो का, हे चिपचे आवृत्ती-रजिस्टर वाचून कळते. सीसी११०१ वर ते षोडशमान पद्धतीत १४, तर जुन्या चिपवर ०४ असे उत्तर देते. उत्तर सतत शून्य किंवा सतत एफएफ येत असेल तर तार, व्होल्टेज किंवा चिप-निवडीची रेषा चुकली आहे, आणि तोवर अँटेनाकडे पाहण्यात अर्थ नाही. या चिपचा पुरवठा १.८ ते ३.६ व्होल्टच्या आत हवा. पाच व्होल्टच्या बोर्डाला ती सरळ जोडल्याने खराब झालेली चिप कधीकधी रजिस्टरे नीट वाचू देते, पण ग्रहण करत नाही, आणि असा अर्धमेला दोष शोधणे फार कठीण जाते.

त्यानंतर स्वतःचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून किटसोबत मिळणारे संगणकावरील सॉफ्टवेअर वापरावे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या किटसाठी हे काम स्मार्टआरएफ स्टुडिओ करते आणि त्यात पॅकेट पाठवणे, पॅकेट घेणे व किती हुकली हे मोजणे या तिन्ही सोयी आहेत. निर्मात्याच्या तयार किमती दोन्ही बोर्डांना देऊन पॅकेटे नीट पोहोचली, तर बोर्ड, स्फटिक आणि अँटेना निर्दोष आहेत आणि दोष स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये आहे. तशीही पोहोचली नाहीत, तर दोष धातूत आणि तारेत आहे. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, तरीही ती घाईत सर्वाधिक वेळा वगळली जाते.

वारंवारतेचा प्रश्न भारतात केवळ तांत्रिक नाही. परदेशी किट बहुधा ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झवर लावलेले येते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ ही पट्टी परवान्याविना खुली आहे, पण भारतात तिचा खालचा भाग मोबाइल संचाकडून टॉवरकडे जाणाऱ्या ८९० ते ९१५ या पट्टीवर येतो, म्हणून ती किंमत तशीच ठेवणे नियमबाह्य आहे आणि शेजाऱ्यांच्या फोनला उपद्रवकारकही. २००५ च्या नियमांनी भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी कमाल १ वॅट प्रक्षेपण-शक्ती आणि २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या मर्यादेत परवानामुक्त केली आणि २०२१ च्या नियमांनी तिची वरची कड ८६८ पर्यंत नेली. तेव्हा ८६६ च्या आसपासची वारंवारता निवडून दोन्ही बोर्डांवर तीच लिहावी आणि ती लिहिताना स्फटिकाची खरी किंमत पाहावी. प्रोग्रॅम २६ मेगाहर्ट्झचा स्फटिक धरून चालला आणि बोर्डावर २७ चा असला, तर ८६६ ऐवजी सुमारे ८९९ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण होते. दोन्ही बोर्ड सारखेच चुकले तर ते एकमेकांशी बिनचूक बोलतात आणि चूक तिसरा बोर्ड आणेपर्यंत लपून राहते. संगणकाला जोडण्याचा आरटीएल-एसडीआर हा स्वस्त ग्राहक जवळ असल्यास प्रक्षेपण खरोखर होते का आणि कोठे होते, हे पडद्यावर दिसते. मात्र त्याच्या स्वतःच्या स्फटिकाचीही चूक असते, म्हणून काही किलोहर्ट्झचा फरक त्यावरून ठरवू नये.

काही किलोहर्ट्झचा फरक क्षुल्लक नसतो, हे थोड्या हिशोबाने ध्यानात येते. माहितीचा वेग सेकंदाला ३८.४ किलोबिट आणि विचलन २० किलोहर्ट्झ असेल, म्हणजे एक आणि शून्य दर्शवण्यासाठी लहर मध्यापासून वर व खाली २० किलोहर्ट्झ सरकत असेल, तर तिला सुमारे ३८.४ अधिक दोनदा २०, म्हणजे ७८.४ किलोहर्ट्झ रुंदी लागते. स्फटिकाची अचूकता दशलक्षात २० भाग असेल तर ८६६ मेगाहर्ट्झवर तो सुमारे १७.३ किलोहर्ट्झ चुकू शकतो. दोन बोर्ड विरुद्ध दिशांना चुकले तर अंतर ३४.६ किलोहर्ट्झ होते. हे अंतर कोणत्याही बाजूला पडू शकत असल्याने ग्राहकाच्या गाळणीची रुंदी १४८ किलोहर्ट्झच्या आसपास हवी, आणि सीसी११०१ वर २६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकासोबत मिळणाऱ्या पायऱ्यांपैकी १६२ किंवा थोडी मोकळीक ठेवून २०३ ही पायरी योग्य ठरते. एका टेबलावर, एकाच तापमानात १०२ किलोहर्ट्झच्या गाळणीवर सुरेख चालणारी जोडी उन्हात ठेवताच मुकी होते, त्याचे कारण बहुधा येथेच असते. रुंदी वाढवण्याची किंमतही द्यावी लागते, कारण ती दुप्पट केली की आत येणारा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो. म्हणून रुंदी आंधळेपणाने वाढवण्यापेक्षा चिपचे वारंवारता-अंदाज रजिस्टर वाचावे, ज्याची एक पायरी सुमारे १.५९ किलोहर्ट्झची असते, आणि त्यावरून एका बोर्डाची वारंवारता दुरुस्त करावी. वेग, विचलन आणि मॉड्युलेशनचा प्रकार हे तिन्ही दोन्ही बोर्डांवर जुळलेच पाहिजेत. त्यांत जवळपासचे चालत नाही.

लहरीची ऊर्जा पोहोचते का, हे आरएसएसआय या मापावरून कळते, म्हणजे ग्राहकाला जाणवणाऱ्या संकेताच्या बळावरून, जे डीबीएम या एककात, १ मिलिवॅटशी तुलना करून सांगितले जाते. सीसी११०१ चे रजिस्टर ही संख्या सरळ देत नाही: वाचलेली संख्या १२८ किंवा अधिक असल्यास तीतून २५६ वजा करावेत, मग दोनने भागावे आणि शेवटी ७४ वजा करावेत. प्रक्षेपक बंद असताना १०० किलोहर्ट्झच्या रुंदीत निसर्गतः असणारा गोंगाट उणे १२४ डीबीएम असतो आणि ग्राहकाची स्वतःची भर धरली की माप उणे ११४ च्या आसपास यावे. प्रक्षेपक सुरू होताच ते माप उसळले पाहिजे. उसळले आणि तरी पॅकेट नाही, तर दोष पुढच्या टप्प्यांत आहे. उसळलेच नाही, तर मागच्या.

टेबलावर बोर्ड अगदी शेजारी ठेवण्याचा मोह टाळावा. १ मीटरवर ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची घट सुमारे ३१ डेसिबल असते, पण १० सेंटीमीटरवर ती ११ च्या घरात येते, आणि १० डीबीएमने पाठवणारा प्रक्षेपक इतका जवळ असला की ग्राहक बधिर होतो. मग दूर नेल्यावर चालणारी जोडी जवळ बंद पडलेली पाहून विद्यार्थी चक्रावतो. प्रक्षेपण-शक्ती कमी करून बोर्ड खोलीच्या दोन टोकांना ठेवावेत. केबलने जोडून चाचणी घ्यायची असेल तर मध्ये किमान ६० डेसिबलचे ॲटेन्युएटर, म्हणजे संकेत क्षीण करणारे जोड, घालावेत. त्यांच्याविना केबल जोडल्यास ग्राहकाचे प्रवेशद्वार जळण्याचा धोका असतो.

पडद्यावर अर्थहीन अक्षरांची पॅकेटे अधूनमधून उमटू लागली की काहीतरी येत आहे असा आनंद होतो, पण तो बहुतेक वेळा खोटा असतो. सिंक वर्ड १६ बिटांचा असेल तर केवळ गोंगाटातही तो सरासरी ६५,५३६ बिटांत एकदा जुळतो, आणि सेकंदाला ३८.४ किलोबिट या वेगाने याचा अर्थ दर १.७ सेकंदांनी एक बनावट पॅकेट असा होतो. सिंक वर्ड ३२ बिटांचा केला की हीच वेळ सुमारे ३१ तासांवर जाते. म्हणून प्रक्षेपक बंद करूनही कचरा येत राहतो का, हे आधी पाहावे. उलट प्रक्षेपकाच्या लयीतच पॅकेटे येत असतील आणि आतील अक्षरे मात्र विस्कटलेली असतील, तर दोन्ही टोकांची व्हाइटनिंग, म्हणजे लांबलचक शून्यांची मालिका टाळण्यासाठी माहितीत मिसळलेली ठरलेली यादृच्छिक माळ, एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद आहे असे समजावे. अक्षरे शुद्ध असून सीआरसी नापास होत असेल तर दोन कंपन्यांच्या चिपांमध्ये त्या गणिताचे सूत्र किंवा आरंभीची संख्या वेगळी आहे. दोष शोधताना सीआरसी नापास झालेली पॅकेटे आपोआप टाकून देण्याची आणि पत्ता तपासण्याची सोय तात्पुरती बंद ठेवावी, कारण पुरावाच फेकून देणारा ग्राहक तपासाला निरुपयोगी असतो.

पहिले पॅकेट नीट आले आणि मग कायमची शांतता पसरली, ही तक्रार तर सर्वाधिक ऐकू येते आणि तिचे मूळ हवेत नसून प्रोग्रॅममध्ये असते. सीसी११०१ ची मूळ मांडणी अशी आहे की एक पॅकेट घेतले की चिप स्वतःहून विश्रांतीच्या अवस्थेत जाते; तिला पुन्हा ग्रहणाची आज्ञा द्यावी लागते, किंवा संबंधित रजिस्टरात ग्रहणातच राहण्याची निवड करावी लागते. दुसरे कारण ६४ बाइटांच्या साठ्याचे आहे: प्रोग्रॅमने आलेली माहिती वेळेत उचलली नाही तर साठा भरून वाहतो, चिप त्या अवस्थेत अडकून बसते आणि साठा रिकामा करण्याची आज्ञा दिल्याशिवाय हलत नाही. ती आज्ञाही विश्रांतीच्या किंवा भरून वाहण्याच्या अवस्थेतच द्यायची असते. अवस्था सांगणारे रजिस्टर षोडशमान ११ दाखवत असेल तर निदान झालेच म्हणून समजावे. पॅकेट पूर्ण होण्याआधी साठ्यातील शेवटचा बाइट उचलू नये, आणि साठ्यात किती बाइट आहेत हे वाचताना लागोपाठ दोन वाचने सारखी येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नये, अशी सूचना निर्मात्याने दिली आहे. ती दुर्लक्षित केल्यास दिवसातून एखादे पॅकेट गूढ रीतीने बिघडते. पॅकेट संपल्याची वार्ता देणारी रेषा मायक्रोकंट्रोलरच्या योग्य पायाशी जोडली आहे का आणि प्रोग्रॅम तिच्या चढत्या कडेवर जागा होतो की उतरत्या, हेही येथेच पाहावे, कारण सिंक वर्ड आल्यावर ती रेषा चढते आणि पॅकेट संपल्यावर उतरते.

टेबलावर सर्व ठीक झाल्यानंतर खरी परीक्षा शेतात होते, आणि भंडारा जिल्ह्याच्या सपाट, पाणथळ भूमीत तिचे स्वरूप डोंगराळ मुलखाहून वेगळे असते. मोकळ्या अवकाशाचा हिशोब सांगतो की १ किलोमीटरवर घट ९१ डेसिबल होते. १० डीबीएमने पाठवलेला संकेत उणे ८१ वर पोहोचतो आणि ३८.४ किलोबिटच्या वेगाला सीसी११०१ ची ग्रहणसीमा उणे १०४ च्या आसपास असल्याने २३ डेसिबल शिल्लक राहतात. प्रत्यक्षात बांधीच्या धुऱ्यावर १ मीटर उंचीवर ठेवलेल्या दोन अँटेनांमध्ये पॅकेट पोहोचत नाही. कारण पाण्यावरून आणि ओल्या जमिनीवरून परावर्तित झालेली लहर सरळ लहरीला जवळजवळ पूर्ण छेदते आणि घट अंतराच्या चौथ्या घाताने वाढू लागते. १ मीटर उंचीला हे केवळ ११ ते १२ मीटरपासूनच सुरू होते आणि १ किलोमीटरवर घट १२० डेसिबलवर जाते, म्हणजे संकेत उणे ११० वर, सीमेच्या ६ डेसिबल खाली. दोन्ही अँटेना ३ मीटरवर नेल्या तर घट सुमारे १०१ डेसिबलवर येते आणि १३ डेसिबल हाताशी राहतात. शक्ती दहापट वाढवूनही जे साधले नसते, ते दोन बांबूंनी साधते. लहरीचा मार्ग मधोमध किती मोकळा हवा याचे माप काढले तर १ किलोमीटरसाठी ते ५ ते ६ मीटर भरते. म्हणून तलावाचा संवेदक काठाशी असला तरी अँटेना पाळीवर उभारावी, कारण ती उंची पूर्वजांनी माती रचून आधीच उपलब्ध करून दिली आहे. मे महिन्यात कोरड्या बांधीवर उत्तम चाललेली जोडी खरिपात तपासूनच पक्की म्हणावी, कारण रोवणीनंतर वाढलेले ओले धान कमी उंचीच्या अँटेनाला अक्षरशः गिळून टाकते.

अँटेनाची लांबीही निवडीचा भाग आहे. ८६६ मेगाहर्ट्झसाठी पाव लहरीची तार सुमारे ८.७ सेंटीमीटर भरते, तर ४३३ साठी १७.३; म्हणून किटसोबत चुकून आलेली दुसऱ्या पट्टीची अँटेना खोलीत चालते आणि शेतात हरते. दोन्ही अँटेना उभ्या असाव्यात आणि लोखंडी डब्याच्या आत असू नयेत. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन जोड आटे जुळल्याने एकमेकांत फिरतात, पण मधली पिन मधल्या छिद्राला भेटतच नाही. बाहेरून घट्ट बसलेली अँटेना अशा वेळी विद्युतदृष्ट्या नसल्यासारखीच असते, म्हणून जोडणीआधी दोन्ही बाजूंच्या मधोमध डोकावून पाहावे.

मोबाइल टॉवरजवळ ग्रहण अचानक क्षीण होत असेल तर कारण उघड आहे: ८५० मेगाहर्ट्झ पट्टीतील टॉवरांचे प्रक्षेपण ८६९ पासून सुरू होते आणि आपली पट्टी त्याला जवळजवळ खेटून आहे. वारंवारता ८६५ कडे सरकवणे, अँटेना टॉवरच्या आडोशाला नेणे आणि शक्य असल्यास अरुंद सॉ गाळणी, म्हणजे आपलीच पट्टी आत सोडणारा घटक, बसवणे हे तीन उपाय त्या क्रमाने करावेत. गोंगाटाचे माप बॅटरीवर चांगले आणि सौर चार्जरवर वाईट येत असेल तर दोष पुरवठ्यात शोधावा. विदर्भाच्या मे महिन्यात बंद डब्यातील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच चढते आणि स्फटिकासोबत चिपमधील वारंवारता-जनकही सरकतो, म्हणून ग्रहण सुरू करताना प्रत्येक वेळी आपोआप कॅलिब्रेशन होईल अशी निवड ठेवावी.

लोरा पद्धतीच्या किटवर, उदाहरणार्थ सेमटेकच्या एसएक्स१२७६ वर, यादी थोडी निराळी होते. तेथे स्प्रेडिंग फॅक्टर (संकेत काळात किती पसरवायचा हे ठरवणारी संख्या), रुंदी आणि सिंक वर्ड जुळावे लागतात. सिंक वर्डची खासगी जाळ्यासाठी षोडशमान १२ आणि लोरावॅन या लोरावर आधारित प्रमाणित जाळ्यासाठी ३४ ही किंमत रूढ आहे, आणि १२५ किलोहर्ट्झ रुंदीत स्प्रेडिंग फॅक्टर ११ किंवा १२ असताना मंद वेगाची विशेष तडजोड दोन्हीकडे चालू नसेल तर लांब पॅकेटे बिघडतात. लोरावॅनच्या भारतीय योजनेतील ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ या तीन मूळ वाहिन्या ग्राहकावर असल्याची खात्री करावी.

शेवटी जोडी चालते की नाही हे नजरेने नव्हे, तर मोजून ठरवावे. प्रत्येक पॅकेटात क्रमांक घालावा, ग्राहकाने तो क्रमांक, आरएसएसआय, वेळ आणि डब्यातील तापमान यांसह नोंदवावा, आणि हजार पॅकेटांमागे किती हुकली हे काढावे. सीसी११०१ चे निर्माते ग्रहणसीमा सांगताना २० बाइटांच्या पॅकेटांपैकी शंभरात एक हुकणे हीच कसोटी धरतात, त्यामुळे ६० बाइटांची पॅकेटे त्याच अंतरावर साधारण तिप्पट हुकली तर त्यात नवल नाही. हुकलेले क्रमांक एकगठ्ठा असतील तर वाटेतील अडथळा किंवा साठा भरून वाहणे हे कारण असते; विखुरलेले असतील तर संकेत सीमेवर आहे आणि अँटेना उंच हवी; ठरावीक अंतराने असतील तर दुसरा एखादा संवेदक त्याच क्षणी बोलत आहे आणि दोघांच्या वेळांत फरक टाकावा लागेल. पोच मागणाऱ्या योजनेत मात्र प्रक्षेपकाच्या नोंदीवर विसंबू नये, कारण तेथे पॅकेट पोहोचूनही परतीची पोच हुकली तर ते हुकलेच असे दिसते, आणि तलावाच्या दोन काठांवरील गोंगाट सारखा नसल्याने परतीची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा अवघड असू शकते. अशा वेळी दोन्ही बोर्डांच्या नोंदी शेजारी ठेवून क्रमांकांशी क्रमांक जुळवावेत.